फायनल, नवीन फायनल, खरं फायनल

ताई, नमस्कार. कर्वेनगरमधल्या २४ फ्लॅटच्या एका जुन्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे, बँकेतून रिटायर होऊन आठ वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मुलाने ११ इंची अँड्रॉईड टॅब घेऊन दिला, म्हणाला बाबा आता त्या गठ्ठ्यांतून सुटका. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, त्यामुळे रोज कोणी ना कोणी काहीतरी पाठवतं, आर्किटेक्ट मेलवर, सभासद व्हॉट्सॲपवर, वकील पेनड्राईव्हवर. सगळं टॅबमध्ये आहे पण हवं तेव्हा सापडत नाही. एकच पत्र पाच ठिकाणी दिसतं, 'फायनल', 'फायनल (१)', 'नवीन फायनल', 'खरं फायनल', आणि त्यातलं खरं कुठलं ते मलाच कळत नाही. परवा दोन तास बसून इतिवृत्तात दुरुस्त्या केल्या, सेव्ह केलं, दुसऱ्या दिवशी त्याच मेलमधून उघडलं तर जुनंच. सभेत प्रॉपर्टी कार्ड दाखवायला गेलो तर नुसतं चक्र फिरत राहिलं आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक सभासद सगळ्यांसमोर म्हणाले, सेक्रेटरींना टॅब झेपत नाहीये. २००७ चे ठराव उघडले तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. सभेचा व्हिडिओ पेनड्राईव्हवर जात नाही, जागा असून. मुलगा बंगलोरहून म्हणतो बाबा सोपं आहे हो. बँकेत ३४ वर्षांत माझ्या हातून एक व्हाउचर गहाळ झालं नाही. माझंच डोकं चालेनासं झालंय का आता?
– वैतागलेला सेक्रेटरी

काका, नमस्कार.

डोकं उत्तम चालतंय तुमचं. उलट व्हाउचर न हरवणाऱ्या माणसालाच टॅबचा जास्त ताप होतो, कारण 'हा कागद नक्की कुठे ठेवलाय' हा तुमचा पहिला प्रश्न असतो, आणि टॅब बनवणाऱ्यांनी सुरुवातीला ठरवलंच होतं की हा प्रश्न लोकांना पडायला नको. आयपॅड २०१० मध्ये आला, आणि त्यात फाईल्स नावाचं ॲप यायला २०१७ उजाडलं, म्हणजे सात वर्षं लोकांनी हजारो रुपये मोजून अशी वस्तू वापरली जिच्यात कागद ठेवायला एक साधा कप्पा दिसत नव्हता. पेनड्राईव्ह लावून वाचायची सोय तर २०१९ ला झाली. अँड्रॉईड त्या मानाने पहिल्यापासून मोकळं होतं, पण तेही आता बरंच आवळत गेलंय. त्यामुळे तुमच्या मुलाला 'सोपं आहे हो' म्हणायला काय जातंय, तो दिवसभर कॉम्प्युटरवर काम करतो, टॅबवर सिनेमे बघतो.

आता एक सांगते, ते नीट डोक्यात बसलं की निम्म्या भानगडी कळतील. मी शनिवार पेठेतल्या एका वाड्यात वाढले, अकरा भाडेकरू, मधे चौक, चौकात नळ. खोली ज्याची त्याची, कुलूप ज्याचं त्याचं, आणि चौक सगळ्यांचा. तुमचा टॅब डिट्टो तसा आहे. मेलचं ॲप, व्हॉट्सॲप, लिहायचं ॲप, पीडीएफ वाचायचं ॲप, हे सगळे भाडेकरू, आणि डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स असली फोल्डरं म्हणजे चौक. पूर्वी अँड्रॉईडमध्ये एकदा स्टोरेजची परवानगी दिली की कुठलंही ॲप चौकात पडलेलं कुणाचंही काहीही उचलून बघू शकायचं, साधं टॉर्चचं ॲप तुमचे फोटो चाळू शकायचं म्हणजे विचार करा. २०१९ च्या अँड्रॉईड १० पासून हे बंद करायला सुरुवात झाली आणि २०२० च्या अँड्रॉईड ११ पासून कुलपं पक्की लागली. चोराचिलटांपासून बरं झालं, वाईट एवढंच की घरमालक म्हणजे तुम्ही, तुम्हालाही आता काही खोल्यांमध्ये डोकावता येत नाही.

तर तुम्ही मेलमधली फाईल लिहायच्या ॲपमध्ये उघडता तेव्हा मेलवाला आपला कागद त्याला देत नाही, झेरॉक्स काढून देतो. तुम्ही दोन तास बसून दुरुस्त्या केल्या त्या झेरॉक्सवर. मेलमधलं इतिवृत्त आर्किटेक्टने पाठवलं तसंच्या तसं बसलंय आणि जन्मभर तसंच बसणार, आलेल्या मेलला आपण हात लावू शकत नाही, लावता येऊ पण नये. म्हणजे तुमच्या दुरुस्त्या बहुतेक गेलेल्या नाहीत. मेल बाजूला ठेवा, ज्या ॲपमध्ये टाइप केलंत ते ॲप थेट उघडा, पहिल्याच स्क्रीनवर अलीकडच्या फायलींची यादी असते, त्यात परवाच्या तारखेचं इतिवृत्त दिसायला पाहिजे. दिसलं की पहिलं काम, त्याला नवीन नाव देऊन नीट जागी ठेवा, मग चहा. (कुठलं ॲप ते तुम्ही लिहिलं नाहीये. वर्ड असेल तर मुलाने सब्स्क्रिप्शन भरलेलं असणार, कारण मायक्रोसॉफ्ट १०.१ इंचापर्यंतच्या स्क्रीनवरच फुकट एडिट करू देतं, त्याच्यावर गेलात की पैसे. तुमचा टॅब ११ इंची. पाऊण-एक इंचासाठी दर वर्षी पैसे, हा हिशोब मला अजून पचलेला नाही. गूगल डॉक्समध्ये हे लफडं नाही.)

आणि मग हीच फाईल तुम्ही व्हॉट्सॲपवर चेअरमनना पाठवलीत, ती अजून एक झेरॉक्स. त्यांनी परत पाठवली, ती डाउनलोड झाली, अजून एक. डाउनलोड्समध्ये त्या नावाची आधीच एक होती म्हणून टॅबने आपलं आपण कंसात १ लावून टाकला. झाल्या पाच. पाचही वेगवेगळ्या जागी, काही तर बंद खोल्यांत, आणि तुम्ही शोधताय नुसतं चौकात.

व्हॉट्सॲपवर आलेली कागदपत्रं कुठे राहतात माहितीये? फाईल मॅनेजर उघडा, त्यात इंटर्नल स्टोरेज, त्यात अँड्रॉईड, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सॲप, त्यात व्हॉट्सॲप, त्यात परत एकदा मीडिया, आणि त्यात व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स. हा पत्ता ऐकून मला आमच्या वाड्याचा पोस्टमन आठवतो, 'मधल्या चौकातून डावीकडे, जिन्याखालून, मागच्या बोळात, विचारा तिथे कोणालाही'. पण आहे तिथेच आहे, एकदा जाऊन बघून या, गंमत म्हणून. फोटोंची नावं तर अशी असतात की तारीख, मग डब्ल्यू ए, मग चार आकडी नंबर. त्यातून सोसायटीची पाण्याच्या टाकीची पावती कुठली आणि मेहुण्याचा गुड मॉर्निंगचा गुलाब कुठला ते ब्रह्मदेवाला पण सांगता यायचं नाही.

अजून एक महत्त्वाचं, भाडेकरू खोली सोडून गेला की आपलं सामानही घेऊन जातो. ॲप काढून टाकलं की त्याच्या खोलीत जे काही होतं ते गेलं, चौकात ठेवलेलं तेवढं राहतं. हे मी अनुभवावरून सांगतेय. आमची आठ जणींची भिशी आहे, तिचा दोन वर्षांचा हिशोब मी एका नोट्स लिहायच्या ॲपमध्ये ठेवला होता, टॅबवरची जागा संपली म्हणून एका रविवारी मोठमोठी ॲप काढत सुटले, आणि त्यात तेही गेलं. जागा झाली भरपूर. आठ बायका, प्रत्येकीला आपण किती भरले ते पक्कं आठवत होतं आणि बेरीज कुठूनही केली तरी जमत नव्हती, शेवटी मी माझ्या खिशातले घालून विषय मिटवला. तेव्हा जागा संपत आली की आधी व्हिडिओ कमी करा, ॲपना हात लावू नका, आणि लावायचाच असेल तर आधी त्यात आपलं काही आहे का ते उघडून बघा.

आता करायचं काय. तुम्ही बँकेत होता म्हणून तुमच्याच भाषेत सांगते, तुमच्या टॅबवर आवक-जावक रजिस्टर नाहीये. ब्रँचमध्ये टपाल आलं की ते आधी इनवर्डला जायचं, शिक्का, नंबर, तारीख, मग ज्याच्या त्याच्या टेबलावर, बरोबर? कोणी थेट टेबलावर येऊन कागद टाकून गेलं तर तुम्ही दोन शब्द सुनावले असते. इथे आर्किटेक्ट, वकील, सभासद सगळे थेट टेबलावर टाकतायत आणि तुम्ही जिथे पडलं तिथेच वाचताय. फाईल आली की वाचायच्याही आधी इनवर्ड करायची, म्हणजे शेअरचं बटण दाबायचं, त्यात ड्राईव्हमध्ये (म्हणजे गूगल ड्राईव्ह, फायली ठेवायची नेटवरची जागा, तुमचा पेनड्राईव्ह नव्हे) सेव्ह करा असं येतं ते दाबायचं, वर नाव बदलायचं, खाली फोल्डर निवडायचा, सेव्ह. तीस सेकंद लागतात. आणि एकदा ड्राईव्हमध्ये गेली की तीच खरी, बाकी टॅबभर पसरलेल्या सगळ्या झेरॉक्सा, त्यांच्याकडे बघायचं पण नाही. पाठवायची वेळ आली तरी ड्राईव्हमधूनच पाठवायची, व्हॉट्सॲपमधून पुढे ढकलायची नाही.

ड्राईव्ह मात्र तुमच्या स्वतःच्या जीमेलचा नको. सोसायटीच्या नावाने वेगळं खातं काढा. फुकटात १५ जीबी मिळतात पण त्यात मेल, ड्राईव्ह आणि फोटो तिन्ही आले, १ जून २०२१ पासून फोटो पण त्यातच मोजतात, त्यामुळे तुमच्या खात्यात नातवाचे फोटो भरत गेले की एक दिवस सोसायटीच्या मेल यायच्या बंद होतील आणि तुम्ही आर्किटेक्टवर चिडाल. नवीन खात्याला फोटोंचा बॅकअप बंदच ठेवायचा. दुसरं कारण म्हणजे कमिटीची मुदत पाच वर्षांची, उद्या दुसरा सेक्रेटरी आला तर त्याच्या हातात काय देणार, तुमचा टॅब? खातं असलं की पासवर्ड द्यायचा आणि सुटायचं. फक्त ते खातं वापरात ठेवायला सांगा, दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. आणि रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायला, चेअरमनचा नंबर द्या, फक्त तुमचा नको.

फोल्डर मोजके करा. मालकी, सभा, हिशोब, रिडेव्हलपमेंट, बास. मी एका डॉक्टरांचा ड्राईव्ह पाहिला होता, त्यात एकशे काहीतरी फोल्डरं आणि निम्म्यांत एकेकच फाईल, शोधताना ते स्वतःच दमायचे. नावं नीट असली तर शोधायच्या चौकटीत शब्द टाकला की फाईल येते, फोल्डरची फारशी गरजच पडत नाही.

नावाचं सांगते, कारण तुमचं खरं दुखणं तिथेच आहे. फायनल हा शब्द फाईलच्या नावात घालायचाच नाही. मी वीस वर्षं अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं काम केलंय, लग्नपत्रिकांपासून पीएचडीच्या प्रबंधांपर्यंत, आणि 'फायनल' असं लिहून आलेली एकही फाईल शेवटची निघाली नाही. मुंजीच्या पत्रिकेतसुद्धा फायनलनंतर आत्याचं नाव राहिलंय म्हणून माणसं धावत यायची. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग काय आहे ते. म्हणजे '२०२५-०२-०९ विशेष सभा इतिवृत्त'. वर्ष पुढे घेतलं की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते, दिवस पुढे घेतलात तर सगळ्या महिन्यांच्या नऊ तारखा एका जागी गोळा होतात. महिना एक आकडी असेल तर आधी शून्य हवाच. आणि आकडे एक तर सगळीकडे मराठी नाही तर सगळीकडे इंग्रजी, अर्धे असे अर्धे तसे केलेत की दोन वेगळ्या रांगा लागतात. दुरुस्ती केली की नवी तारीख, जुनी फाईल 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये. त्या पाच फायनलांचं म्हणाल तर एकेक उघडा आणि प्रत्येकीचं शेवटचं पान बघा, पहिलं नको. पत्रात बदल झालेले असतात ते बहुतेक खालच्या परिच्छेदात आणि सह्यांच्या नावात.

सभेत जे चक्र फिरलं त्याचं कारण एकदम साधं आहे. ड्राईव्हमध्ये फाईलचं नाव दिसतं म्हणजे ती टॅबमध्ये आहे असं नाही, नाव इथे, माल नेटवर. सभा तुमची पार्किंगमध्ये झाली असणार, तिथे घरचं वायफाय कुठलं पोचायला. फाईलच्या नावापुढच्या तीन टिंबांवर दाबा, ऑफलाइन उपलब्ध करा असं असतं, ते चालू करा, आणि हे सभेच्या आदल्या रात्री करायचं, सभेच्या दारात नाही. झालंय का ते तपासायचं तर एअरप्लेन मोड लावा आणि फाईल उघडून बघा. उघडली तर पार्किंगमध्ये काय, कात्रजच्या बोगद्यातही उघडेल. आणि एक, ड्राईव्हमधून डिलीट केलं म्हणजे फक्त टॅबवरून गेलं असं समजू नका हां, ते सगळीकडून जातं. ३० दिवस कचऱ्यात राहतं, तोवर परत आणता येतं, मग संपलं.

प्रॉपर्टी कार्ड तुम्ही सरकारच्या महाभूमी वेबसाइटवरून डिजिटल सहीचं काढलं असेल तर ती पीडीएफच जपा, तिचा स्क्रीनशॉट किंवा प्रिंट मारून परत काढलेला फोटो नको. ती सही पीडीएफच्या आत असते, चित्र काढलं की नुसतं चित्र उरतं.

मूळ कागद स्कॅन करताना कॅमेऱ्याने सुटे फोटो काढत असाल तर थांबवा. ड्राईव्हच्या ॲपमध्येच स्कॅनचं बटण आहे, एकामागून एक पानं घेत जायची आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक पीडीएफ होते, कडा सरळ करून देतं. रात्री ट्यूबखाली वाकून काढू नका, आपल्याच डोक्याची सावली ठरावावर पडते. सकाळी गॅलरीच्या दाराशी. आणि कन्व्हेयन्स डीडचं, म्हणजे जागा सोसायटीच्या नावावर झाल्याच्या दस्ताचं, स्कॅन झालं म्हणून मूळ कागद माळ्यावर टाकाल तर याद राखा, तो जिथे आहे तिथे कुलपातच राहू दे.

आता २००७ चे ठराव. हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे जरा लांबेल, माफ करा. काका, तो चिवडा नाहीये, ते तुमचं मराठीच आहे, फक्त त्याचा पोशाख हरवलाय. त्या काळी आम्ही सगळे डीटीपीवाले श्री-लिपीत टाइप करायचो, आपल्या पुण्यातच तयार झालेलं सॉफ्टवेअर, पुण्यातलंच सी-डॅक होतं त्यांचे वेगळे फॉन्ट, कोणी कृतिदेव वापरायचं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती खरं तर, पण आमच्या गल्लीत कोणाला पत्ता होता, आणि छपाईवाले पेजमेकर नावाच्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर अडलेले, त्याला युनिकोड मराठी झेपायचं नाही. त्या जुन्या फॉन्टांची युक्ती अशी होती की कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवतोय, आणि फॉन्ट त्या प्रत्येक चिन्हाच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा काढून दाखवायचा, काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. तो फॉन्ट त्या मशीनवर असेल तर 'ठराव सर्वानुमते मंजूर', नसेल तर चिवडा. तुमच्या टॅबवर तो नाही, म्हणून आतलं इंग्रजी उघडं पडलं. फाईल बिघडलेली नाही, तेव्हा रागाच्या भरात डिलीट करू नका, आणि त्या चिवड्यात मधेच काही टाइप तर अजिबात करू नका.

यावर टॅबवर बसून उपाय नाही, उगाच दहा ॲप टाकत बसू नका. ती फाईल पेनड्राईव्हवर घ्या आणि नारायण पेठेत किंवा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एखादा जुना डीटीपीवाला गाठा, ज्याच्याकडे तो फॉन्ट अजून असेल, आमच्यातले बरेच अजून चष्मा सावरत बसलेले आहेत. त्याला म्हणावं आधी पीडीएफ करून दे. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधून जातो, म्हणजे मग ती कुठेही उघडा, टॅबवर, वकिलाच्या मोबाईलवर, मराठी मराठीच दिसणार. नंतर हवं तर युनिकोडमध्ये पण बदलून घ्या म्हणजे शोधता येईल, पण बदललेलं एकदा मूळ छापील ठरावाशी ताडून बघाच, या बदलाबदलीत जोडाक्षरं आणि रफार हमखास सरकतात. मी एकदा न तपासता एका संस्थेचा अहवाल दिला होता, त्यात 'वर्गणी'चा रफार उडून गावभर 'वगणी' झाली आणि अध्यक्षांनी मला फोनवर अख्खा अहवाल वाचून दाखवला.

याच कारणाने अजून एक सवय लावा, कोणालाही पत्र पाठवताना वर्डची फाईल पाठवू नका, पीडीएफ पाठवा. समोरच्याकडे तुमचा फॉन्ट नसला की टॅब दुसरा फॉन्ट लावतो, ओळी सरकतात, तीन पानांचं पत्र साडेतीन पानांचं होतं आणि सह्या एकट्या चौथ्या पानावर जाऊन बसतात. वर्डची फाईल ज्याने दुरुस्त्या करायच्या त्यालाच. आणि व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान करतो आणि शिक्क्यावरची अक्षरं पुसट होतात.

राहिला व्हिडिओ. डेव्हलपर निवडायच्या सभेचा असेल ना, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचा रिडेव्हलपमेंटचा तो ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे त्याप्रमाणे चित्रीकरण करावंच लागतं, त्यामुळे तो हरवून चालणार नाही. व्हिडिओवाल्याने सलग एक फाईल दिली असणार, चार-पाच जीबीच्या वरची. तुमचा पेनड्राईव्ह ३२ जीबीचा आणि रिकामा असला तरी तो बहुतेक फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, बाजारातून तसाच येतो, आणि त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी मावतच नाही. मेसेज मात्र कधी कधी जागा नाही असा येतो, म्हणजे कपाट रिकामं पण दार अरुंद. कॉम्प्युटरला लावून तो एक्सफॅट नावाच्या, मोठी फाईल मावणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्यायचा की काम झालं. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसलं जातं हे लक्षात असू द्या, वकिलांनी दिलेल्या पेनड्राईव्हवर हा प्रयोग करू नका, तपकीर गल्लीत जाऊन नवीन घ्या, एक नाही दोन. एक तुमच्याकडे, एक चेअरमनकडे. महिन्याच्या शेवटी सोसायटीचा सगळा ड्राईव्हपण त्यावर उतरवून ठेवायचा, ते टॅबवरून करत बसू नका, मुलगा आला की त्याच्या लॅपटॉपवर करून घ्या, त्याला सोपं आहे ना.

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सभासदांना पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी फोन करून सांगा की सगळी कागदपत्रं ड्राईव्हवर लावून तुम्हाला बघायला दिली आहेत, वाचून या. बघू किती जण वाचून येतात ते, मला पण कळवा.